फॅट बाईक घेताय? आधी हवा, तिथी आणि सडा समजून घ्या

पहिल्यांदा फॅट बाईक घेऊन दापोलीच्या बाजारात थांबलो तेव्हा एका आजोबांनी टायर चाचपून विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" पेट्रोल लागत नाही म्हटल्यावर त्यांनी आधी टायरकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि म्हणाले, "झेपेल ना रे?"

पहिले सहा महिने झेपली नाही. पैसे नको तिथे घातले, हवा नको तेवढी भरली, भरतीच्या वेळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरलो आणि एकदा कर्द्याला दीड किलोमीटर सायकल ढकलत परत आलो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख. दाखले दापोली तालुक्यातले आहेत, पण अलिबाग, गुहागर, रत्नागिरी, मालवण अशा कुठल्याही किनाऱ्याजवळ राहत असाल तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

१. आधी स्वतःला विचारा: चालवणार कुठे?

साध्या माउंटन बाईकचा टायर दोन-सव्वादोन इंच रुंद असतो, फॅट बाईकचा चार इंच किंवा त्याहून जास्त. हा प्रकार अमेरिकेत रुजला. अलास्कातल्या बर्फात आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत चाक रुतू नये म्हणून हौशी लोकांनी रुंद रिमा घरीच बनवायला सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये सर्ली कंपनीने 'पग्स्ली' नावाची सायकल बाजारात आणली आणि हे टायर सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आले. सांगायचा मुद्दा हा की हे चाक मऊ जमिनीवर तरंगण्यासाठी बनलं आहे. वेगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

माझी सायकल सतरा किलोची आहे. हर्णैहून दापोलीकडे येताना आसूदचा चढ लागतो. साध्या सायकलवर मी तो गाणं गुणगुणत चढायचो, हिच्यावर बोलायलाही दम उरत नाही. डांबरावर हे टायर घूंऽऽ असा आवाज करतात आणि प्रत्येक पेडलला आपली किंमत वसूल करतात.

तेव्हा माझं स्पष्ट मत सांगतो. तुमचं बहुतेक फिरणं डांबरावर असेल तर फॅट बाईक घेऊ नका. सडा (जांभ्याचं सपाट पठार), लाल मातीच्या वाटा, मुरमाचे रस्ते एवढंच असेल तर चांगली साधी माउंटन बाईक पुरते, हलकी पडते आणि तिचे सुटे भाग कुठेही मिळतात. वाळूचा किनारा घरापासून सायकलने गाठता येत असेल आणि आठवड्यातून एकदा तरी तिथे जाणार असाल, तरच हे चार इंच कामाचे.

२. विकत घेण्याआधी वाळूत चालवून बघा

दुकानासमोरच्या रस्त्यावर मारलेल्या चकरेला काही अर्थ नाही. किनाऱ्यावरच्या काही रिसॉर्टमध्ये आणि सायकल भाड्याने देणाऱ्यांकडे फॅट बाईक मिळते, नाहीतर कुणा ओळखीच्याची मागा. तासभर ओल्या वाळूत आणि दहा मिनिटं कोरड्या वाळूत चालवा. त्या दहा मिनिटांनंतरही हसू येत असेल तर पुढे वाचा.

३. सायकल निवडताना

सर्वांत मोठा सापळा म्हणजे दिसायला फॅट असलेली सायकल. मी शोधत होतो तेव्हा बारा-पंधरा हजारांत झगमगीत रंगाच्या सायकली दिसत होत्या, तीस हजारांच्या पुढे जरा बऱ्या मिळत होत्या आणि बाहेरून आलेल्या लाखाच्या वर. स्वस्तातल्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण खालच्या गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिमची रुंदी: टायर चार इंची आणि रिम अरुंद असेल तर हवा कमी केल्यावर टायर वळणावर कुशीवर झोपतो. रिम साधारण ६५ ते ८० मिलिमीटर रुंद हवी. दुकानात मोजपट्टी घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे.

टायर आणि फ्रेममधली फट: दोन्ही बाजूंना करंगळी आरामात गेली पाहिजे. आपली लाल माती ओली झाली की कणकेसारखी चिकटते. फट कमी असेल तर पन्नास मीटरमध्ये चाक जाम होतं आणि तुम्ही काटकी शोधत बसता.

चेन: मागचा सर्वांत मोठा दातेरी चकरा टाका आणि पेडल उलटं फिरवा. चेन टायरला घासत असेल तर ती सायकल तिथेच ठेवा. ही चूक जुळणीत नसून आखणीतच असते, ती दुरुस्त होत नाही.

गिअर: एका गिअरची फॅट बाईक फोटोपुरती ठीक. वाळूत आणि चढावर हलका गिअर लागतोच. पुढे तीसच्या आसपास दाते आणि मागचा मोठा चकरा चौतीस किंवा त्याहून जास्त असेल तर गुडघे आशीर्वाद देतील.

पुढचा सस्पेन्शन: नको. टायरच स्प्रिंगचं काम करतो. स्वस्त सस्पेन्शन म्हणजे दोन किलो जास्तीचं लोखंड, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ते वर्षभरात आखडून बसतं. साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घ्या.

ब्रेक: डिस्क हवेतच. पण नवशिक्याने केबलवाले घ्यावेत. केबल तुटली तर तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते. तेलावरच्या ब्रेकमध्ये हवा शिरली तर आमच्याकडे तरी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

फ्रेम: किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियम घ्यावं. लोखंडी फ्रेमवर रंगाचा एक टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो.

माप: फ्रेमचा वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर दोन इंच तरी मोकळी जागा हवी. वाळूत अचानक पाय टेकावा लागतो आणि पायही रुततो, म्हणून इथे कंजुषी नको.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. फॅट बाईकचा मागचा हब (चाकाचा मधला भाग) १७० ते १९७ मिलिमीटर रुंद असतो, तर साध्या गिअरच्या सायकलचा बहुधा १३५. म्हणजे ॲक्सल, हब, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधलं बेअरिंग) यातलं काहीही गावातल्या दुकानात सापडणार नाही. खरेदीच्या वेळीच विचारा, "याचे सुटे भाग कुठून येतात, किती दिवसांत?" उत्तर गोलमाल आलं तर दुसरी सायकल बघा.

सायकल खोक्यातून घरी आली आणि जुळणी तुम्हीच करणार असाल, तर दोन ठिकाणी हमखास चूक होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतं. जोर लावून उजव्यासारखं पिळलंत तर क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे गेले म्हणून समजा. दुसरी चूक म्हणजे फोर्क उलटा बसवणं. पुढच्या चाकाची डिस्क सायकलवर बसून पाहिल्यावर आपल्या डाव्या हाताला आली पाहिजे. उजवीकडे दिसली तर फोर्क फिरवा.

मी माझी सायकल पुण्याहून जुनी घेतली. मालक सज्जन होता, सायकल चकाचक होती. घरी आणून महिन्याभरात पेडलच्या मधल्या बेअरिंगमधून करकर सुरू झाली. उघडलं तर आत गंज आणि चमचाभर वाळू. कधीतरी समुद्रावर नेली असणार आणि वरवर पुसली असणार. म्हणून जुनी घेताना चेन उतरवून क्रँक नुसता हाताने फिरवा. तो गुपचूप फिरला पाहिजे. मग क्रँक धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड लागली तर तेवढे पैसे कमी करा. सीटचा दांडा बाहेर काढून नळीत बोट घाला. बोटाला तांबडं लागलं तर आतही तेच आहे.

ती सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली आणि उतरवली तेव्हा डिस्क वाकलेली. अशी न्यायची झाली तर दोन्ही चाकं काढा, डिस्कवर पुठ्ठा बांधा आणि ब्रेकच्या पॅडमध्येही पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा.

बॅटरीवरच्या फॅट बाईकबद्दल हल्ली खूप विचारणा होते. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण खारं पाणी आणि मोटर यांचं जमत नाही. चढासाठी घ्या हवं तर, पण ती पुळणीवर नेऊ नका.

४. कागद आणि सामान

सायकलला आरटीओचा कागद नसतो, म्हणून बिल हाच तुमचा सातबारा. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो सहसा पेडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. जुनी घेत असाल तर मूळ बिलाची प्रत, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि "अमुक नंबरची सायकल अमुक किमतीला दिली" अशी सहीची चिठ्ठी घ्या. फ्रेम नंबरचा आणि सायकलचा फोटो फोनमध्ये ठेवा, चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

सामानात मी हे बाळगतो:

- कमी दाब दाखवणारा गेज, शून्य ते तीस पीएसआयचा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप). ही चैन नाही, याच्याशिवाय फॅट बाईक अर्धीच.
- दोन ट्यूब, २६ × ४ मापाच्या. अडीअडचणीला गावात मिळत नाहीत.
- पंक्चरचं सामान आणि तीन टायर लिव्हर. हे टायर रिमला घट्ट चिकटतात, दोन लिव्हर पुरत नाहीत.
- पंप. छोट्या पंपाने एक टायर भरायला अडीचशे-तीनशे ठोके लागतात. त्यातल्या त्यात जाड नळीचा घ्या.
- ॲलन कीचा संच आणि चेनची जोडकडी. चाकं नटबोल्टवर असतील तर १५ चा पाना. तो घरी विसरलात तर पंक्चर काढायची विद्या पाठ असून उपयोग नाही.
- हेल्मेट, शिट्टी, दोन लिटर पाणी, फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी.

ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून ठेवा. करवंदीचा आणि बोरीचा काटा चार इंची टायरला घाबरत नाही.

५. हवा

फॅट बाईकची सगळी करामत हवेत आहे. माझ्या पहिल्या आठवड्यात एका पंक्चरवाल्याने मोठ्या मायेने दोन्ही टायर ठणठणीत भरून दिले. त्याच्या मीटरचा काटा वीसच्या खाली हलतच नव्हता, त्यामुळे किती भरली ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तशीच मुरुडच्या पुळणीवर उतरवली. पुढचं चाक नांगरासारखं वाळूत शिरलं आणि मी हँडलवरून पुढे. तेव्हा मी सायकलला शिव्या दिल्या होत्या.

साधारण सत्तर किलोच्या माणसासाठी माझे आकडे असे:

- डांबर: १५ ते १८ पीएसआय
- सडा, मुरूम, लाल मातीची वाट: १० ते १२
- ओली, घट्ट वाळू: ७ ते ८
- कोरडी, भुसभुशीत वाळू: ४ ते ५

वजन जास्त असेल तर एक-दोनने वाढवा, कमी असेल तर उतरवा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा एखादा पीएसआय जास्त ठेवा, कारण बूड तिकडे असतं. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा कधीही ओलांडू नका.

पाच पीएसआय म्हणजे टायर बोटाने दाबला की दबतो. पहिल्यांदा वाटतं पंक्चरच झालंय. पण तसाच चालवा आणि मागे वळून ठसा बघा. ठसा रुंद, सपाट आणि उथळ असेल तर हवा बरोबर आहे. मधोमध चर पडला असेल तर अजून थोडी सोडा.

कमी हवेचे तोटेही आहेत. दगडावर आदळलात तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हँडल जड होतं आणि वळणात आपल्या मनाने ओढतं. म्हणून वाळूतून वर आलात की डांबराला लागण्याआधी हवा भरा. हेच तीनशे ठोके. सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो. माझा तोडगा असा की किनारा घरापासून जवळ असेल तर दहा पीएसआयवरच जायचं, वाळूत सोडायची आणि परतताना हळू चालवत यायचं.

पेट्रोल पंपावरच्या यंत्राने हवा भरायचा मोह टाळा. फुस्सकन जास्त जाते.

६. पुळणीवर जाताना: आधी कॅलेंडर, मग सायकल

नवशिके सकाळी सहाचा गजर लावतात आणि सहाला समुद्र नेमका पायरीला लागलेला असतो. किनाऱ्यावर आपली वेळ चालत नाही.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढे किंवा मागे ओहोटी. मिनिटाचा हिशोब यात जमत नाही, तेवढ्यासाठी भरती-ओहोटीचं तक्तं किंवा ॲप बघा. पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकून आज जायचं की नाही हे ठरवायला पाऊणपट पुरते.

याचा सायकलस्वाराला थेट फायदा आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत सकाळची ओहोटी साधारण पाच ते नऊच्या मध्ये येते. शिवाय या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी खूप आत जातं आणि रुंद, घट्ट पुळण उघडी पडते. सकाळी सायकल चालवायची असेल तर महिन्यातले हेच दोन टप्पे पकडा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं हलत नाही आणि सकाळी सहाला भरलेलं असतं. त्या दिवसांत सड्यावर जा.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी वळल्यावर तासाभरात वर या. पाणी नुकतंच सोडून गेलेल्या पट्ट्यात चाक सर्वांत हलकं पळतं. सुरुवातीला कर्दे-मुरुडसारखी लांब, सरळ पुळण निवडा. गिअर हलका, नजर लांब, हँडल सैल. वळायचं झालं तर मोठं वर्तुळ घ्या. वाळूत झटक्याने हँडल वळवणारा पडतोच.

आता धोके.

खाडीचं मुख: नदी समुद्राला मिळते तिथे वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली चिखल असतो. आमच्याकडे त्याला रुपण म्हणतात. माणूस मांडीपर्यंत जातो. ओहोटीला पाणी घोट्याएवढं दिसलं म्हणून पलीकडे गेलात तर परत येईपर्यंत छातीएवढं झालेलं असतं. खाडी सायकलने ओलांडायची नाही. पुलावरून जा किंवा तरीतून, म्हणजे होडीतून, जा.

वारा: जाताना पाठीवर असला की आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, परतताना तो ढकलेल.

कासवं: वेळास, आंजर्ले, केळशी अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. घरटं भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतं आणि वरून काही कळत नाही. आपण कितीही रुंद टायरवर असलो तरी खाली अंडी आहेत. त्या महिन्यांत भरतीच्या रेषेच्या वर चालवू नका, आडव्या वाटेने सरळ खाली ओल्या पट्ट्यात उतरा. रात्री दिवे लावून तर अजिबात जाऊ नका. उजेडाने माद्या बुजतात आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. केळशीची वाळूची टेकडी हा अभ्यासकांचा विषय आहे, आपला रॅम्प नाही.

जाळी: हर्णै, पाजपंढरीच्या बाजूला वाळूत जाळी वाळत घातलेली असतात. त्यावरून चाक नेलंत तर जाळं फाटेल, चाकात अडकेल आणि नंतर जे ऐकावं लागेल ते तुमच्या लायकीचंच असेल.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पुळण बंद. लाटा वर येतात, किनारा कापला जातो आणि काल होती ती वाळू आज नसते.

७. सडा, पाणंद आणि पाखाडी

सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. लांबून मैदानासारखं दिसतं, पण चाकाखाली खवणीसारखं खरखरीत लागतं. चार इंची टायर इथे मजेत चालतो, फक्त हवा दहाच्या खाली नेऊ नका. जांभ्याच्या कडा धारदार असतात.

वाट शोधण्यासाठी उपग्रहाचं चित्र बघा. गुरांच्या वाटा त्यात फिकट रेघांसारख्या दिसतात. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या, सड्यावर रेंज असेलच असं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे वाचता आले तर आणखी उत्तम, कारण सडा कुठे संपतो ते त्यावरच्या समोच्च रेषा सांगतात. सडा हळूहळू उतरत नाही, तो अचानक संपतो आणि पुढे कडा असतो. गवत वाढलेलं असताना, म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर, अनोळखी सड्याच्या टोकाला सायकलवरून उतरून चालत जा.

नकाशापेक्षा भरवशाचा माणूस म्हणजे गुराखी. "काका, ही वाट खाली वाडीत उतरते का?" असं विचारा. "उतरते, पण सायकल नाय जायची" असं उत्तर आलं तर ते प्रमाण माना. मी एकदा मानलं नव्हतं. ती पाखाडी निघाली, जांभ्याच्या ऐंशी पायऱ्या, शेवाळलेल्या. सतरा किलो खांद्यावर घेऊन उतरलो.

ओसाड दिसला तरी सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. आंब्याच्या बागेतून वाट जात असेल तर विचारून जा. मार्च ते मे हंगामात राखणे असतात आणि पाठीवर पिशवी घेतलेला अनोळखी माणूस त्यांना आवडत नाही. गडग्यातलं बेडं (दगडी कुंपणातलं फाटक) उघडलंत तर मागे बंद करा, नाहीतर गुरं आत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला वाट मिळत नाही.

देवराईत सायकल चालवू नका. काठावर ठेवा, चपला काढा, आत जाऊन पाणी प्या, या.

रत्नागिरी, लांजा, राजापूरकडच्या सड्यांवर जात असाल तर आणखी एक काळजी घ्या. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ अशा ठिकाणी कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काहींना कुंपण आहे, सगळ्यांना नाही. कशेळीच्या हत्तीएवढं मोठं चित्रसुद्धा त्याच्यावर उभं राहिल्यावर ओळखू येत नाही. तेव्हा कातळावर आखीव रेघा दिसू लागल्या की सायकल थांबवा आणि बाजूने चालत जा.

फणसाड किंवा कोयनेसारख्या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. पावसात सड्यावर फुलं येतात तेव्हा ठरलेल्या वाटेवरच राहा. एका फॅट टायरचा ठसा चार इंच फुलांचा असतो. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तुम्ही तिच्या घरट्याजवळ आहात, आलात तसे मागे फिरा.

पाणंदी मला सर्वांत आवडतात. दोन्ही बाजूंना गडगे, वर झाडांची कमान, खाली पालापाचोळा. पण त्याच पाल्याखाली काटे, बाटल्यांच्या काचा आणि कधी घोणस असते. वेग कमी ठेवा, वळणावर घंटी वाजवा. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर उतरून गडग्याला चिकटा. वाट तिची आहे.

एकट्याने जात असाल तर घरी गावाचं नाव सांगून जा. "सड्यावर जातो" हा पत्ता होत नाही.

८. परत आल्यावर

समुद्रावरून आल्यावर पंखा लावून आडवं व्हायचं नाही. मीठ झोपत नाही.

आधी गोड्या पाण्याने धुवा. वाटेत एखाद्या घरी "आजी, दोन बादल्या पाणी मिळेल का?" विचारलंत तर कोकणात सहसा नाही म्हणत नाहीत, वर कोकम सरबतही येतं. पाणी वरून ओता, जोराचा फवारा हबवर किंवा पेडलच्या मधल्या भागावर मारू नका. फवारा वाळूला आत ढकलतो. मग सीटचा दांडा काढा, सायकल उलटी करा आणि नळीतलं पाणी निथळू द्या. चेन जुन्या सुती कापडाने कोरडी करा, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल, आणि वरचं तेल परत पुसा. जास्त तेल म्हणजे वाळूला आमंत्रण.

डिस्क करकरली तर तिला तेल लावू नका. माझ्या मामेभावाने मदत म्हणून लावलं होतं. आवाज थांबला आणि ब्रेकही थांबला. पॅड फेकून नवे घालावे लागले.

सगळं करूनही समुद्रावर नियमित नेलेली चेन एका हंगामात संपते. दर वर्षी एक चेन हा खर्च गृहीत धरा. महिन्यातून एकदा चाक धरून आडवं हलवा, वर्षातून एकदा बेअरिंग उघडून ग्रीस बदला.

आणि धुणं अंगणात करा, मोरीत नाही. माझ्या पहिल्या महिन्यातली मुरुडची वाळू मोरीच्या नळीत बसली आणि ती काढायला प्लंबर बोलवावा लागला. आई अजून त्याचे दोनशे रुपये मागते.